वरचा वारा

१२ जानेवारी
पहाटे निफाडात पारा ५ अंशांवर. बांधावर शेकोट्या पेटवल्या, ड्रिप चालू केलं. विहिरीचं पाणी हवेपेक्षा ऊबदार, तेवढाच आधार. द्राक्षांच्या घडांत पाणी उतरलंय. मणी तडकले की व्यापारी बागेत पाऊल टाकत नाही. काश्मीर-हिमाचलात बर्फ पाडून पश्चिमी झंझावात पुढे गेला आणि मागून उत्तरेची कोरडी हवा सुटली.

१४ जानेवारी
पुतण्याने मोबाइलवर १२ किलोमीटर उंचीवरचे वारे दाखवले. हिमालयाच्या दक्षिणेने पूर्वेकडे धावणारा पट्टा, वेग ताशी २०० किलोमीटरच्या घरात. विषुववृत्तापाशी चढलेली हवा उत्तरेला सरकताना पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेला वळते, ती ही जेट स्ट्रीम. भूमध्य समुद्राकडचे झंझावात हिचंच बोट धरून येतात.

१९२० च्या दशकात जपानच्या वासाबुरो ओइशींनी तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून असाच वारा मोजला. जगाने वाचावं म्हणून अहवाल एस्पेरांतोत छापला. फारसं कोणी वाचलं नाही! महायुद्धात अमेरिकेच्या बी-२९ विमानांना जपानवर तोच वारा भिडला.

२ फेब्रुवारी
लेक लंडनहून आली. जाण्यापेक्षा यायला वेळ कमी लागतो म्हणाली. लागणारच, वारा पाठीशी.

३ मार्च
पट्ट्याला दक्षिणेकडे बाक आलाय. वर गार हवा, खाली तापलेली जमीन, त्यात समुद्रावरचं बाष्प. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट इथे कोण विसरलंय?

४ मार्च
दुपारी चारला ढग चढला. दहा मिनिटं गारा, पण शेजारच्या शिवारात. संध्याकाळी जाऊन आलो. मार बसलेल्या मण्यावर आधी नुसता पाणचट डाग दिसतो. तो तपकिरी पडतो आणि तिथूनच सड धरते. त्यांचा निर्यातीचा माल होता. माझी तोडणी परवा आहे, हे त्यांच्यापुढे बोलवेना. वरचा नकाशा जिल्हा सांगतो, गट नंबर सांगत नाही.

११ जून
पट्टा हिमालयापलीकडे सरकला. आता दक्षिण भारतावर १४-१५ किलोमीटरवर उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा झोत, तो पी. कोटेश्वरम् यांनी १९५० च्या दशकात ओळखला. त्याच्या खाली, दीडेक किलोमीटरवर, सोमालियाकडून येणारा पाऊसवारा. कोकणात पाऊस लागलाय म्हणतात. आमच्याकडे नुसतं आभाळ, आणि अशा दमट हवेत डावणी रोग कोवळ्या पानांवर आधी येतो. उद्या सकाळीच फवारणी.