जुनें यंत्र, नवें कार्ड

जुनी वस्तु टाकावी केव्हां आणि सुधारून घ्यावी केव्हां, हा प्रश्न वरकरणीं हिशेबाचा दिसतो. वस्तुतः तो विवेकाचा आहे. छत्रीची काडी मोडली म्हणून आपण छत्री फेंकून देत नाहीं, घड्याळाचा पट्टा तुटला म्हणून घड्याळ भंगारांत घालीत नाहीं. मग संगणकाच्याच बाबतींत "आतां नवाच घ्या" हा एकच मंत्र चोहोंकडून कां ऐकूं यावा?

आमच्या घरचा संगणक २०१४ सालीं घेतलेला. हिशेब, पत्रव्यवहार, मुद्रितांची तपासणी हीं आमचीं कामें तो अद्यापि निमूटपणें करतो. परंतु धाकट्या चिरंजीवांचें गाऱ्हाणें निराळें होतें. थोरला शिक्षणासाठीं जर्मनीस गेल्यापासून दोघां भावांची भेट दर शनिवारीं रात्रीं संगणकावरील एका खेळांत होत असे. फोनवर "जेवलास का, बरा आहेस ना" यापलीकडे न जाणारे हे दोघे खेळतां खेळतां मात्र तासन् तास बोलत. पण थोरला तिकडे सुसाट धांवे, आणि धाकट्याचें चित्र इकडे पावलोपावलीं ठेंचाळे. हळूंहळूं शनिवार चुकूं लागले. तेव्हां धाकट्यानें शिष्यवृत्तींतून साठविलेले ८,००० रुपये आमच्यापुढें ठेवले आणि "एवढ्यांत कांहीं होईल का, बाबा?" असें विचारलें. 'खेळ' या शब्दासच नाक मुरडणाऱ्या वडील मंडळींनीं येथें क्षणभर थांबावें, अशी आमची विनंति आहे. भावाभावांतलें बोलणें एवढ्या रकमेंत टिकत असेल तर तो सौदा महाग नव्हे.

चित्र ठेंचाळण्याचें कारण साधें आहे. आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असलेल्या पडद्यावर एकंदर २०,७३,६०० ठिपके भरतात. हालचाल सफाईदार दिसावयाची तर ते सारे सेकंदास ६० वेळां नव्यानें रंगवावे लागतात. म्हणजे सेकंदास बारा कोटींहून अधिक! आमच्या यंत्रांत हें काम मुख्य प्रोसेसरच्याच पोटांत बसविलेला एक लहानसा विभाग करीत असे. पत्रें लिहिण्यास तो पुरेसा, रणांगण रंगविण्यास अपुरा. ग्राफिक्स कार्ड म्हणजे याच कामासाठीं नेमलेला रंगाऱ्यांचा स्वतंत्र तांडा होय. २०१९ सालच्या जीटीएक्स १६५० या बेताच्या कार्डांतहि असे ८९६ रंगारी एकाच वेळीं राबतात.

परंतु तांडा नेमण्यापूर्वीं त्याच्या शिध्याची सोय पाहावी लागते. कार्ड ज्या खांचेंत बसतें ती खांच फार तर ७५ वॉट वीज पुरविते. याहून अधिक भुकेच्या कार्डास वीजपुरवठ्याच्या पेटींतून वेगळी तार लागते. आमचें यंत्र मूळ कचेरीच्या कामासाठीं बनविलेलें; त्याच्या पेटीस ती तारच नव्हती. २०१७ सालचें आरएक्स ५८० हें कार्ड बळानें थोर, पण त्याची भूक १८५ वॉटची. तें घ्यावें तर पेटी बदलावी, पेटी बदलावी तर तिच्या मापाचा डबा शोधावा. म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला! जीटीएक्स १०५० टीआय ७५ वॉटांत भागवितें खरें. परंतु २०१६ सालच्या त्या पिढीसाठीं नव्या खेळांना अनुरूप असे ड्रायव्हर काढणें कंपनीनें २०२५ मध्यें थांबविलें. राहिलें १६५०, त्यांतहि जादा तार न मागणारा नमुना.

नवें घेण्याइतकें द्रव्यबळ नव्हतें, म्हणून मुंबईस लॅमिंग्टन रस्त्यावर वापरलेल्या मालाचीं दुकानें पालथीं घातलीं. सप्टेंबर २०२२ पर्यंत इथीरियम या आभासी चलनाच्या कामीं असंख्य कार्डें रात्रंदिवस राबलीं आणि पुढें जुन्या बाजारांत आलीं. तेव्हां सावधगिरी हवीच. चिरंजीवांनीं दुकानांतच अर्धा तास कार्ड पूर्ण भारावर चालविलें, पंख्याचा आवाज ऐकला, पडद्यावर कोठें डाग उमटतो का तें न्याहाळलें आणि मगच ७,२०० रुपये मोजले. ती दक्षता पाहून आम्हांस जो आनंद झाला तो कार्डाच्या किंमतींत धरलेला नाहीं.

यंत्र यामुळें तरुण झालें, असें मात्र कोणीं समजूं नये. त्याचा प्रोसेसर विंडोज ११ च्या पात्रतेंत बसत नाहीं, आणि विंडोज १० चा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. आज ना उद्यां त्यास निरोप द्यावा लागेल. पण त्या दिवशीं हें कार्ड काढून दुसऱ्या यंत्रांत बसवितां येईल, हाहि हिशेब आम्हीं धरला होता.

खेळांत चित्राच्या दर्जाच्या अनेक पायऱ्या असतात. आमचें यंत्र त्यांतील 'मध्यम' या पायरीवर सुखानें चालतें. वरच्या पायरीवर पाण्यांतील प्रतिबिंबें अधिक सुंदर दिसतात म्हणे, दिसोत बापडीं. मध्यम स्थितींतील माणसांनीं मध्यम पायरीवर लाज मानण्याचें कारण नाहीं. हातीं काय आहे आणि तें कशासाठीं हवें आहे, हीं दोन उत्तरें ज्यास ठाऊक, त्यास थोड्या पैशांतहि पुष्कळ घेतां येतें. आमच्या घरीं शनिवारची रात्र पुन्हां बोलकी झाली आहे. चिरंजीवांना हवें होतें तें एवढेंच.