गाडी वळते तिथलं जेवण

10 एप्रिल 2025, गुरुवार. रत्नागिरी

दुपारपासून पेट्या चढताहेत. खाली पेंढा, वर पेट्या, मग ताडपत्री. संध्याकाळी सातला गाडी सुटली पाहिजे, कारण वाशीच्या फळबाजारात माल पहाटे लागला तरच त्याला भाव. हातखंब्यापर्यंत गावातली गर्दी, मग महामार्ग. सगळं मिळून सव्वातीनशे किलोमीटरचा पल्ला. आंबा थांबत नाही, त्यामुळे ड्रायव्हरलाही थांबता येत नाही.

दिवाळीनंतर माझ्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या. त्यातली ग्लिमेपिराइड ही शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही हे ती बघत नाही. म्हणून डॉक्टरांनी बजावलं आहे की गोळी घेतली की जेवण चुकवायचं नाही, आणि जेवणाचा भरवसा नसेल तर गोळी पुढे ढकलायची. दुकानदाराला, मास्तरांना हे सोपं आहे. आमच्या जेवणाची वेळ मात्र माल ठरवतो, घाट ठरवतो, गोदामाचा गेट ठरवतो. विचार करून एकच गोष्ट हाती लागली आहे: वाटेत काय मिळेल याच्यावर पोट सोडायचं नाही, माल चढायच्या आधी जेवण गाडीत चढवायचं.

बायकोने आज डबा भरला. उकड काढून केलेल्या नाचणीच्या दीड भाकऱ्या, कारण उकडीची भाकरी रात्रीपर्यंत मऊ राहते. सुकी मटकीची उसळ, दोन उकडलेली अंडी, काकड्या, लिंबू. "अहो, ओलं खोबरं घातलेलं नाही हां, सुक्या खोबऱ्याची चटणी दिलीय." बरोबरच आहे तिचं. केबिनमध्ये पायाखालून इंजिनाची धग येते आणि वाटणाची आमटी चिपळूण यायच्या आत आंबते.

12 एप्रिल, शनिवार. रत्नागिरी

रात्रीचं खाणं हा वेगळा विषय आहे. डबा मी चिपळूणच्या अलीकडे साडेआठ-नऊला उघडतो, पुढचे घाट भरल्या पोटाने पण जड न होता पार व्हावेत म्हणून. कशेडीचा बोगदा झाल्यापासून तिथली वळणं टळली, पण रात्रीच्या दोन ते चारचा वेळ कुठल्याच बोगद्याने टळत नाही. त्या वेळी शरीर आपणहून झोप मागतं. त्यात बारा वाजता तंदुरी रोटी आणि तर्रीवाली डाळ पोटात गेली असेल तर डोळे उघडे ठेवणं कठीण. म्हणून मध्यरात्रीनंतर जेवण नाही. मूठभर फुटाणे, पाणी, आणि डोळा जड झालाच तर गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं झोप. चहा झोप पुढे ढकलतो, फेडत नाही.

चहाचा हिशोब मी भाच्याला समजावून सांगितला. तो माझ्या गाडीवर क्लीनर आहे, वय एकोणीस, अंगात ताकद आहे म्हणून काहीही खातो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला 25 ग्रॅमच्या आत असावी. म्हणजे पाच चमचे. ढाब्यावरच्या एका चहात दोन चमचे धरले तर तिसऱ्या कपाला दिवसाची मर्यादा ओलांडली.

"मामा, मग गुळाचा घेऊ?"

"गूळही साखरच रे. रक्ताला रंग कळत नाही."

22 एप्रिल, मंगळवार. माणगावच्या पुढे

आज एका ढाब्यावर उभा आहे, आणि इथे का उभा आहे हे नीट लिहून ठेवतो.

लोक म्हणतात, ड्रायव्हर लोकांना चमचमीत खायची सवयच असते. पण आम्ही ढाबा निवडतो तो जिभेने नव्हे. दहा चाकी गाडी आत घ्यायला आणि परत वळवायला जागा हवी. रात्री उजेड हवा, नाहीतर टाकीतलं डिझेल जातं, ताडपत्रीची दोरी कापली जाते. संडास हवा, आंघोळीला पाणी हवं, बाज हवी. एवढं ज्याच्याकडे आहे तो मोठ्या मैदानाचा ढाबा, आणि त्याच्याकडे जेवण एकाच साच्याचं: बटर रोटी, डाळ फ्राय, पनीर, अंडाभुर्जी. उलट जिथे वरण, भात, पालेभाजी, माशाची कढी, तांदळाची भाकरी मिळते ती घरगुती खानावळ गावात असते, बाजारपेठेत. तिच्या दारात रिक्षा उभी राहते, ट्रक नाही. महामार्ग चौपदरी करताना रस्त्याकडेच्या कितीतरी टपऱ्या आणि खानावळी उठल्या. आधीच्या रस्त्यावर गाडी कडेला लावून भाकरी-कालवण खाता येत होतं, तो रस्ताच राहिला नाही.

ड्रायव्हरच्या रक्तदाबाविषयी आणि पोटाविषयी बोलणाऱ्यांनी आधी वाहनतळाविषयी बोलायला हवं, असं मला मनापासून वाटतं. पेट्रोलियम मंत्रालयाच्या योजनेतून काही पंपांवर ड्रायव्हरांसाठी 'अपना घर' नावाची विश्रामस्थानं झाली आहेत. तिथे झोपायला खाट मिळते, न्हाणीघर असतं आणि स्वतः रांधून घ्यायचीही सोय असते. हे रांधायचं फार महत्त्वाचं आहे. आंब्याच्या गाडीत पेंढा असतो, तिथे स्टोव्ह पेटवणं म्हणजे जिवाशी खेळ. पण गाडीपासून लांब, सुरक्षित ओटा मिळाला तर कुळथाची पिठी दहा मिनिटांत होते. पीठ घरून आणलेलं, कांदा, लसूण, दोन आमसुलं. अशा जागा प्रत्येक महामार्गावर ठरावीक अंतराने हव्यात.

तोवर ढाब्यावरच जमवायचं. मी आता सरळ सांगतो: "दादा, डाळ साधी द्या, वरून तडका नको. तव्यावरची रोटी द्या, बटर नको. कांदा, काकडी, लिंबू जास्त द्या." सुरुवातीला वेटर बघत राहतात. एकदा ओळख झाली की न सांगता आणतात. दोन उकडलेली अंडी जवळजवळ सगळीकडे मिळतात, आणि त्यांत तेल लपवता येत नाही.

30 एप्रिल, बुधवार. रत्नागिरी

अक्षय्य तृतीया. मागणी एवढी की गाड्या कमी पडल्या. घरी येऊन झोपलो. उठल्यावर आईने उकड्या तांदळाची पेज दिली आणि आंब्याच्या दोन फोडी. अख्खा नाही.

13 मे, मंगळवार. हुबळी

आमरसाचे डबे घेऊन बंगळुरूकडे. आंबा घाट चढताना इंजिन तापलं, मलकापूरला थोडं थांबलो, मग कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, धारवाड. या रस्त्यावर मला नेहमी बरं वाटतं, कारण उत्तर कर्नाटकातल्या खानावळीत ज्वारीची भाकरी मिळते. पातळ, गरम. सोबत मोड आलेल्या कडधान्याची उसळ, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, आणि ताटात कच्चा मुळा, मेथीची पानं, कांदापात. भरपूर चावायला लागतं म्हणून पोट वेळेवर भरतं.

आपल्याकडे नाचणी आहे. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं गेलं, त्यानंतर पंपांवरच्या दुकानांत नाचणीची बिस्किटं दिसायला लागली. भाच्याने एक पुडा आणला होता. मागची बारीक अक्षरं त्याच्याकडूनच वाचून घेतली: आधी मैदा, मग साखर, मग तेल, नाचणी त्यानंतर. पण गरम नाचणीची भाकरी कोकणातल्या महामार्गावरच्या मोठ्या ढाब्यांवर मला अजून मिळालेली नाही. हे मला लागतं. शिवाय भाकरी नाचणीची असली म्हणून चार खाव्यात असंही नाही. तिच्यातही पिष्ट आहेच, दीडच्या पुढे मी जात नाही.

एक युक्ती या फेरीत छान जमली. घरून भिजवून निघालेले मूग ओल्या फडक्यात बांधून सीटमागे ठेवले. केबिनच्या उबेत दुसऱ्या दिवशी मोड आले. लिंबू, कांदा, टोमॅटो घालून दोघांनी खाल्ले. भाच्याने स्वतःहून दुसऱ्यांदा घेतले.

16 मे, शुक्रवार. परतीच्या वाटेवर

एका गोदामाबाहेर गाड्यांची रांग. सकाळी नंबर लावला, दुपार टळली तरी गेट उघडलं नाही. रांग सोडली की नंबर जातो, त्यामुळे कुणी जेवायलाही हलत नाही. माझ्या पुढच्या गाडीचा ड्रायव्हर, गुजरात पासिंगचा, वयाने माझ्याएवढाच, खाली उतरला तो घामाने भिजलेला, हात थरथरत होते आणि बोलणं तुटक. भाच्याला वाटलं ऊन लागलं. मी विचारलं, "शुगर की गोली लेते हो?" त्याने मान हलवली. सकाळी गोळी घेतली होती आणि त्यानंतर एक चहा.

डॅशबोर्डमध्ये मी साखरेची पुडी ठेवतो ती यासाठीच. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांत हात स्थिरावले. मग त्याला आमच्या डब्यातली पोळी-भाजी दिली, कारण साखर तेवढ्यापुरती सावरते, मागून जेवण लागतंच. बरं वाटल्यावर तो लगेच गाडी पुढे घ्यायला निघाला होता. मी चावी मागून घेतली आणि पाऊण तास बसवून ठेवलं. डोकं ताळ्यावर यायला हातापायांपेक्षा जास्त वेळ लागतो, असं मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याची गाडी रांगेत माझ्या भाच्याने सरकवली नाही, त्याच्याकडे लायसन्स नाही. दुसऱ्या एका ड्रायव्हरने सरकवली. कुणीही नंबरावरून भांडलं नाही.

1961 चा मोटार परिवहन कामगार कायदा आहे. दिवसाला आठ तास काम, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असं त्यात लिहिलं आहे. हा अर्धा तास हेच आमचं जेवण. तो मिळतो की नाही हे रांगेत उभं राहून कुणीतरी पाहायला हवं.

26 मे, सोमवार. रत्नागिरी

वीस तारखेपासून पाऊस झोडपतोय, आणि कालच मोसमी पाऊस कोकणात पोचला. एवढ्या लवकर मी तरी पाहिला नव्हता. झाडावरचा आंबा गेला, बागायतदारांचे चेहरे बघवत नाहीत. आमचा हंगामही संपला.

उन्हाळ्यात पाणी कमी प्यायची सवय सगळ्याच ड्रायव्हरांना असते, कारण थांबायला जागा नाही. मग लघवीला जळजळ, मुतखडा. मी मोठी बाटली पायाशी न ठेवता डोळ्यांसमोर ठेवतो आणि एका बाटलीत आमसुलं भिजत घालतो, मीठ-साखर न घालता. ऑक्टोबरपासून तयार होणाऱ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची होणार आहे. मधुमेहाच्या माणसाला तिचा मोठा आधार होईल. घाम कमी गेला तर थंडगार गोड बाटलीकडे हातही कमी जाईल. जुन्या गाड्यांवरच्या आमच्यासारख्यांना ती कधी मिळेल ते मालकावर आहे.

3 जून, मंगळवार. पाली

एक तारखेपासून मासेमारी बंद, जुलैअखेरपर्यंत मिरकरवाडा बंदरातल्या होड्या वर. आता सुकी मासळी. रक्तदाब असलेल्यांनी सुका बांगडा गरम पाण्यात दोनदा धुऊन घ्यावा आणि त्या दिवशी लोणचं, पापड ताटात घेऊ नये. मी तसंच करतो.

कोल्हापूर रस्त्याला एक वहिनी खानावळ चालवतात. कुळथाचं सार, भात, भाजी, सांगितलं तर भाकरी. आज छोटा टेम्पो घेऊन आलो होतो म्हणून जेवायला मिळालं. मी म्हटलं, "वहिनी, तुमच्याकडे ट्रक आला तर लावायचा कुठे?" त्या म्हणाल्या, "मागे आमचीच पड जमीन आहे. दहा चाकी वळवायला किती जागा लागते हो दादा?"

जेवण झाल्यावर आम्ही दोघं आणि त्यांचा मुलगा मागे गेलो, पावलांनी मोजलं. लांबी पुरते. आत येताना डाव्या हाताचं आंब्याचं झाड आड येतं, पण एक फांदी छाटली तर केबिन सुटेल. खरी अडचण जमिनीची आहे. लाल माती, पावसात भरलेली गाडी रुतेल. आधी चिऱ्याच्या खाणीतली कपची दोन ब्रास टाकून दाबून घ्यावी लागेल, आणि कोपऱ्यात एक दिवा, एक संडास. खाणीवरून रिकामा येणारा एक डंपरवाला माझ्या ओळखीचा आहे. त्याला विचारून गुरुवारी भाव कळवतो, असं सांगून निघालो. मुलाने वहीत लिहून घेतलं: कपची, दिवा, नाचणीचं पीठ.