माळ्यावरची पेटी

खरेदींत मनुष्य दोन प्रकारें फसतो. एक तर दुकानदार त्यास फसवितो, नाहीं तर तो स्वतःच स्वतःस फसवितो. पहिल्या प्रकाराची कथा आपण चारचौघांत मोठ्या आवेशानें सांगतों. दुसऱ्या प्रकाराविषयीं मात्र मौन धरतों आणि ती वस्तु माळ्यावर नेऊन ठेवतों. आज आम्ही अशाच एका माळ्यावरच्या पेटीची हकीकत सांगणार आहों. पेटी होती समुद्रांत बुडी मारण्याच्या साहित्याची. परंतु तींतून जें निघालें तें कोणत्याही घरांत निघूं शकेल, असें वाटल्यावरून हें लिहीत आहों.

गेल्या दिवाळीपूर्वीं घराची झाडलोट चालली असतां आमच्या कुटुंबानें माळ्यावरील एका निळ्या पेटीकडे बोट दाखवून विचारलें, "ही पेटी आहे तरी कुणाची? दोन वर्षें हिला कुणीं हात लावलेला नाहीं." पेटी आमच्या धाकट्या बंधूंच्या नातवाची होती. चिरंजीव नोकरीस लागले आणि पहिल्याच वर्षीं त्यांस हा छंद जडला. मालवणजवळ तारकर्लीस, पावसाळा संपून समुद्र निवळला म्हणजे, याचें शिक्षण मिळतें. पाठीवर दाबलेल्या हवेचा सिलिंडर आणि तोंडांत रेग्युलेटर, म्हणजे आपण श्वास घेऊं तेव्हांच, भोंवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबानें हवा देणारें यंत्र. फ्रान्समध्यें कूस्तो आणि गान्यां या दोघांनीं १९४३ सालीं अशा यंत्राची सोपी रचना सिद्ध केली, तेव्हांपासून ही विद्या सामान्य माणसाच्या आटोक्यांत आली. पहिली परीक्षा उत्तीर्ण झालेल्यास १८ मीटरपर्यंत खोल जाण्याची मुभा असते. ती परीक्षा आमच्या नातवानें दिली, आणि ती देण्याच्या आधींच अर्धी पेटी भरून टाकली!

पेटी खालीं उतरविली. तो एकेक वस्तु काढूं लागला आणि आम्ही शेजारीं पाटावर बसून पाहूं लागलों.

प्रथम निघाला चाकू. चाकू कसला, वीतभर पात्याची कट्यारच ती! पोटरीस बांधण्याचे दोन रबरी पट्टेही तिला होते. "अरे, शार्कशीं युद्ध मांडावयाचें होतें काय?" असें आम्हीं विचारतांच तो हंसला. "आजोबा, चित्रपटांत पाहिलें होतें. खरी गरज असते ती जाळ्याचा दोरा किंवा गळाचा तंगूस पायांत अडकला तर तो कापण्याची. त्यास छातीजवळ, कोणत्याही हातानें पोंचेल अशी ठेवलेली लहानशी कातर पुरते. हा वांकून काढीपर्यंत पाय आणखीच गुरफटायचा." खाऱ्या पाण्यानें त्या कट्यारीस ठिकठिकाणीं गंज चढला होता.

मग निघाला रबराचा पोशाख, सात मिलिमीटर जाडीचा. जितका जाड तितका चांगला, या हिशोबानें घेतलेला. आपल्या किनाऱ्याचें पाणी उबदार. तेथें तीन मिलिमीटरचा पोशाख पुष्कळ होतो. या रबरांत हवेचे अगणित सूक्ष्म बुडबुडे असतात. त्यामुळें जाड पोशाख तरंगूं पाहतो, आणि खालीं जाण्यासाठीं कमरेस अधिक शिसें बांधावें लागतें. पुढें खोल गेलें म्हणजे पाण्याच्या दाबानें तेच बुडबुडे आकसतात, पोशाखाचें तरंगणें कमी होतें, शिसें मात्र तेवढेंच राहतें. "वर असतांना बुडवत नाहीं आणि खालीं गेल्यावर सांवरत नाहीं," असें त्यानें त्याचें सार सांगितलें.

तिसरी वस्तु पाण्याखालीं छायाचित्रें घेण्याचा कॅमेरा. प्रकाशांतील तांबडा रंग पहिल्या कांहीं मीटरांतच बहुतेक विरून जातो. म्हणून त्याचीं सारीं चित्रें निळींहिरवीं. शिवाय एका जागीं स्थिर तरंगण्याची कला साधण्यापूर्वींच कॅमेरा हातीं आल्यामुळें लक्ष भिंगाकडे आणि पाय तळच्या वाळूंत! चित्रांत माशांपेक्षां गढूळ पाणीच अधिक. चौथी वस्तु स्वस्तांत मिळालेला जुना रेग्युलेटर. त्याच्या आंतील झडपा व वायसर बदलून घेण्याचा खर्च मूळ किंमतीहून अधिक निघाला, आणि सुटे भागही मिळेनात. ज्या वस्तूवर श्वास अवलंबून तेथें काटकसर, आणि ज्याचें काम कातरीनें भागतें त्या चाकूवर उधळपट्टी, हा हिशोब आम्हांस उलगडेना. त्याच्या एका मित्रानें तर सिलिंडरच विकत घेतला. तो रिकामाच चौदापंधरा किलो वजनाचा. ठराविक मुदतीनें त्याची दाबपरीक्षा करावी लागते, आणि तो भरण्याचें यंत्र कांहीं घरोघर नसतें. बुडीच्या शुल्कांत सिलिंडर मिळत असतां तें ओझें त्यानें कां उचललें, कोण जाणे!

"यांतील एक तरी वस्तु योग्य ठरली कीं नाहीं?" आम्हीं विचारलें. त्यानें मनगटावर बांधण्याचें एक लहान यंत्र दाखविलें. खोली व वेळ यांवरून शरीरांत किती नायट्रोजन मुरला याचा हिशोब ठेवून, आणखी किती वेळ खालीं राहावें आणि किती सावकाश वर यावें, हें तें सांगतें. तें मात्र त्यानें बाराचौदा बुड्या झाल्यावर, आपल्या शिक्षकांस विचारून घेतलें होतें.

पेटी रिकामी होत आली तेव्हां तळाशीं जुन्या पंच्यांत गुंडाळलेलें कांहीं दिसलें. तें त्यानें चटकन बाजूस सारलें. आम्हीं उलगडून पाहिलें, तों आम्हींच दिलेला मास्क!

तो परीक्षेस बसणार हें कळतांच आम्हीं क्रीडासाहित्याच्या एका दुकानांतून तो आणला होता. काच मोठी, किंमत भारी. तेव्हां वस्तु उत्तम असलीच पाहिजे, हा आमचा तर्क. कोणाच्या चेहऱ्यासाठीं, हें दुकानदारानें विचारलें नाहीं आणि आम्हांसही तें सुचलें नाहीं. वास्तविक मास्क घेतांना पट्टा न बांधतां तो चेहऱ्यास टेकवावा आणि नाकानें किंचित् श्वास ओढावा. हात काढल्यावरही तो चिकटून राहिला तरच तो त्या चेहऱ्याचा. आमच्या नातवाचा चेहरा अरुंद. पाणी आंत येऊं लागलें तेव्हां त्यानें पट्टा अधिक आवळला. त्यानें कड वांकून पाणी अधिकच शिरलें.

"मग काय झालें?" तो बोलेना. फार आग्रह केल्यावर त्यानें सांगितलें. सुमारें दहा मीटर खालीं मास्क पाण्यानें भरला. वर पाहून नाकानें हवा सोडून तो रिकामा करण्यास शिकविलेलें होतें. तसें त्यानें दोनतीनदां केलें, परंतु पाणी पुनः येई. नाकांत खारें पाणी गेलें, डोळ्यांपुढें कांहीं दिसेना, आणि श्वास कोंडून सरळ वर धांव घ्यावी अशी ऊर्मि आली. शिक्षकांनीं वेळींच दंड घट्ट धरला, त्यास शांत केलें आणि हळूहळू वर आणलें. दहा मीटरवर दाब भूपृष्ठाच्या दुप्पट असतो. तेथें छातींत कोंडलेली हवा वर येतां येतां दुप्पट होऊं पाहते आणि फुप्फुस फाटूं शकतें, हें आम्हांस त्या दिवशीं समजलें.

"अरे, तेथें दुसरे मास्क नव्हते काय?"

"होते, आजोबा. पण तुम्हीं एवढ्या हौसेनें आणलेला. पहिल्या बुडीस तोच लावावा असें वाटलें."

आम्ही निरुत्तर झालों. इतका वेळ परीक्षकाच्या थाटांत दुसऱ्याच्या चुका मोजीत होतों. त्या सर्वांत त्याचे पैसे गेले होते, आमच्या एका चुकींत तो स्वतः जावयाचा होता. आमच्या शास्त्रकारांनीं ग्रंथारंभीं अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन हीं चार सांगण्याची पद्धत घातली. जन्मभर आम्हीं तीं विद्यार्थ्यांकडून घोकून घेतलीं, आणि दुकानांत उभे राहिलों तेव्हां वस्तु कोणासाठीं हा पहिलाच प्रश्न विसरलों. नातवानें चाकू घेतला तो चित्रपटांतील वीरासाठीं, कॅमेरा घेतला तो पुढें कधीं तरी होणाऱ्या निष्णात पाणबुड्यासाठीं. आम्हीं मास्क घेतला तो आपल्या कौतुकासाठीं. प्रत्यक्ष पाण्यांत उतरणारा मुलगा कोणाच्याच डोळ्यांपुढें नव्हता.

त्याच संध्याकाळीं आम्हीं त्याच्या हातीं पैसे दिले आणि सांगितलें, "मास्क तूं स्वतःच्या चेहऱ्यास लावून घे, आणि तुझे शिक्षक बरोबर असतांना घे." कॅमेरा त्यानें ठेवला; बाकीच्या वस्तूंची ज्याची त्याची वाट लावली.

आपल्या घरांतून वडिलधाऱ्यांचा मान राखण्याची शिकवण आहे आणि ती असावीच. परंतु "आजोबा, हें मला बसत नाहीं," एवढें वाक्य ज्या घरांत मुलास उच्चारतां येत नाहीं, तेथें त्या मानाची किंमत कोणी तरी भलत्याच ठिकाणीं भरीत असतो. तें वाक्य बोलण्यास मुलांस शिकविण्याची जबाबदारी आम्हां वडिलांचीच आहे, आणि आम्हीं ती फार उशिरां ओळखली.