दादांची गोळी

आज लिहिणार आहे ते आमच्या घरातलंच आहे. थोरल्या भावाला विचारून लिहितो आहे. दादा म्हणाले, "लिही की. चूक दोघांची हाय, पर तुझी जरा जास्तच लिही." तेव्हा तशीच लिहितो.

आमचं गाव माणदेशात. कोरडवाहू जमीन, विहिरीवर दीड एकर कांदा, बाकी ज्वारी-बाजरी. 2017 च्या दिवाळीनंतर उपकेंद्रातल्या सिस्टरनी गावातल्या तिशीपुढच्या माणसांचा रक्तदाब मोजला. दादा तेव्हा 52 वर्षांचे. काटक अंग, पोट नाही, एका दमात पोतं पाठीवर घेणारा गडी. दाब निघाला वरचा 170, खालचा 104. सिस्टरनी थोडा वेळ बसवून पुन्हा मोजला, आठवड्याने बोलावून परत मोजला. तेवढाच. मग प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी रोज एक गोळी लावून दिली. गोळ्या फुकट.

दादांना ते पटलं नाही. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, भूक लागते, मग रोग कसला? मलाही नवल वाटलं होतं. पुढे डॉक्टरांनीच एकदा मला विहिरीवरच्या मोटारीचं उदाहरण देऊन सांगितलं. मोटार पाणी ढकलते तेव्हा पाइपात जोर येतो, तसं हृदय आकसून रक्त ढकलतं तेव्हाचा जोर म्हणजे वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडतं तेव्हाचा, खालचा. 120 वर 80 च्या आसपास असावा. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही 140 वर 90 किंवा त्याहून जास्त भरला, तर तो वाढलेला. आता पाइपलाइनीत सतत जादा दाब असला तर काय होतं ते शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. पाइप वरून धडधाकट दिसतो, पाणीही जोरात येतं, आणि एक दिवस जोड निसटतो. शरीरात हा जोड मेंदूत निसटला तर रक्तस्राव. नळीच्या आतला थर खराब होऊन गुठळी अडकली तरी लकवा. ठिबकच्या फिल्टरसारखी मूत्रपिंडाची बारीक चाळणी हळूहळू निकामी होते. हृदयाचा स्नायू जाड होऊन थकतो, नजरही जाते. आणि इतकं होईतो बहुतेकांना काहीच कळत नाही.

दहा महिने दादांनी गोळी घेतली. दाब 130 वर आला. गणपतीत आम्ही ओसरीवर बसलो होतो आणि मी म्हणालो, "दादा, आता दाब उतरलाय. रोज गोळी खायला म्हातारा झालास का? सवय लागंल." दादांना तेवढंच पाहिजे होतं. गोळ्यांचं पाकीट देव्हाऱ्यामागे गेलं. दाब गोळीमुळेच उतरला होता, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. मी बारावी झालेला माणूस.

2019 च्या फेब्रुवारीत ज्वारीची काढणी चालू होती. सकाळी सहाला वहिनींनी दिलेला चहाचा कप दादांच्या हातातून खाली पडला. ते काहीतरी बोलले, ते कळलं नाही. तोंड एका बाजूला ओढलेलं. वहिनी ओरडल्या, "भाऊजी, ह्यांना काय झालंय बघा!" आम्ही काय केलं? कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी तेल चोळलं, कुणी पाणी पाजायला गेलं आणि ठसका लागला. मग जीप करून 40 किलोमीटरवर लकव्याचं औषध देणाऱ्या एका माणसाकडे नेलं. तिथे रांग होती. शहरातल्या दवाखान्यात पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "कधी झालं?" मी म्हणालो, "सकाळी सहाला." ते गप्प झाले. डोक्याचा सीटी स्कॅन काढला. रक्तस्राव नव्हता, गुठळी होती. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आम्ही सात तास घालवले होते. तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळली की 108 ला फोन करून थेट स्कॅन असलेल्या दवाखान्यात न्यायचं आणि तोंडात काहीही घालायचं नाही, हे आज आमच्या घरातल्या पोरालाही पाठ आहे.

दादा वाचले. काठी घेऊन चालतात. पण उजव्या हाताने गाईची धार निघत नाही, विळा धरता येत नाही.

दाब का वाढला, हे मी पुष्कळांना विचारलं. बहुतेकांच्या बाबतीत एकच एक कारण सापडत नाही. वय असतं, घराण्यात असतो (आमच्या आईलाही होता, हे मागून कळलं), वजन, दारू, तंबाखू आणि झोप. आमच्याकडे शेतीची वीज रात्री असली की दादा रात्ररात्र दारं धरायचे आणि जागं राहायला तंबाखू मळायचे. कांदा काढताना कंबर धरली की दुकानातून अंगदुखीची गोळी आणायचे. त्या गोळ्यांनीही दाब वाढतो आणि मूत्रपिंड बिघडतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं म्हणा.

आणि मीठ. माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी हवं, म्हणजे सपाट छोटा चमचाभर. आम्ही घरात सहा माणसं. महिन्याला 900 ग्रॅम पुरायला पाहिजे. वहिनींनी हिशेब लावला तर दोन किलो जात होतं, आणि ह्यात जनावरांचं मीठ धरलेलं नाही! ठेचा, लोणचं, पापड, खारवलेल्या मिरच्या, सुकट, सगळं मिठातच. सुरुवातीला जेवण अळणी लागलं, मी कुरकुर केली. महिन्याभरात जीभ वळली. ठेच्यात लिंबू पिळलं की मीठ कमी असल्याचं जाणवत नाही.

एक म्हातारबुवा सर्पगंधेची मुळी चघळायला सांगत होते. त्यांचं अगदीच खोटं नाही. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण शोधनिबंधातून जगापुढे मांडला होता. पण त्या मुळीतल्या औषधाने मन खचतं असं पुढे आढळलं, आणि आता त्याहून चांगल्या गोळ्या आहेत. मुळीचा डोस कोण मोजणार? आम्ही नाही म्हणालो.

दोन वर्षांपूर्वी माझाही दाब 150 वर 96 निघाला. आधी मी सिस्टरशी हुज्जत घातली, सायकल मारत आलोय म्हणून जास्त दाखवतोय. त्यांनी पाच मिनिटं पाठ टेकून बसवलं, पाय जमिनीवर, हात टेबलावर, बोलायचं नाही. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. तसंच पुन्हा दोनदा बोलावून मोजला. तोच आकडा.

आता रोज सकाळी सातला दादा ओसरीवर बसतात. दोघांची पाकिटं त्यांच्याकडेच असतात. डाव्या हाताच्या अंगठ्याने ते आधी माझी गोळी दाबून काढतात, माझ्या तळहातावर ठेवतात आणि म्हणतात, "गीळ माझ्या म्होरं." मी गिळली की मग स्वतःची घेतात.