आपला संघ कोणता?

रणजी करंडकाच्या बातमीला हल्ली वर्तमानपत्रात कोपराच मिळतो. आयपीएलमध्ये कोण किती कोटींना गेला ते पहिल्या पानावर, आणि दोन दिवस उन्हात उभे राहून कोणी दीडशे धावा काढल्या ते आतल्या पानावर, तळाशी. तरीही या अंकासाठी काही लिहायचे ठरल्यावर मला रणजीचाच एक हंगाम आठवला, २०१६-१७ चा. त्या वर्षी गुजरात संघाने पहिल्यांदाच रणजी करंडक जिंकला, आणि तोही मुंबईला हरवून. विषय दूरचा वाटू नये म्हणून आधीच सांगतो, त्या विजयातला एक मोठा तुकडा आपल्या बेळगावात, इथल्या केएससीए मैदानावर घडला आहे.

मी कामरेजचा. सुरतेच्या अलीकडे, तापीच्या काठी, महामार्गावरचे गाव. 'कामरेज चार रस्ता' म्हटले की गुजरातेतला कोणताही ट्रक ड्रायव्हर मान हलवील. माझे वडील त्या चार रस्त्यावरच्या एका ट्रान्स्पोर्ट ऑफिसात बिल्ट्या लिहितात. तो महामार्ग म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४८. तोच पुढे मुंबई, पुणे, कोल्हापूर करीत बेळगावला येतो आणि हुबळीकडे जातो. मावशी इथे असते म्हणून मी बी.कॉम.ला इथे आलो, तेव्हा रस्ता चुकण्याची सोयच नव्हती, एकाच रस्त्याने सरळ यायचे होते!

आमचे मूळ घर खानदेशात. सुरतेत उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशी माणूस यंत्रमागांच्या मागोमाग आला आणि तिथलाच झाला. सुरत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. तसल्याच एका शाळेत मी शिकलो. शाळेपुरता लिंबायतला मामाकडे आणि सुट्टीत कामरेजला, असे माझे दोन संसार होते. लिंबायतला मराठी, कामरेजला गुजराती. क्रिकेटच्या बाबतीत मात्र दोन्हीकडच्या मराठी घरांत एकच कायदा होता. भारत खेळत नसेल तर मुंबई आपली.

हा कायदा कोणी केला ते देव जाणे. कागदोपत्री पाहिले तर त्याला काही आधार नाही. आजच्या महाराष्ट्रातून रणजीत तीन संघ उतरतात, मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. धुळे-जळगावचा मुलगा खेळला तर तो महाराष्ट्र संघाकडून खेळायचा. मुंबईशी त्याचा संबंध नाही. गुजरातचेही तसेच तीन भाग, गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र. सुरत गुजरात संघाच्या हद्दीत येते. म्हणजे आमच्या मोहल्ल्यातला एखादा खानदेशी पोरगा उद्या चांगला निघाला तर त्याच्या छातीवर गुजरातचे बोधचिन्ह लागेल, आणि त्याचे काका-मामा मात्र मुंबईसाठी टाळ्या वाजवीत बसतील. विजय हजारे सांगलीचे, पण त्यांनी बडोद्याला आपले मानले आणि बडोद्यानेही त्यांना. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध त्यांनी गुल महंमदबरोबर ५७७ धावांची भागी केली, ती बडोद्यासाठी. हजाऱ्यांना 'आपला संघ कोणता' हा प्रश्न पडला असेल असे मला वाटत नाही. तो बसून पाहणाऱ्यांनाच पडतो.

आता त्या हंगामाकडे येतो. त्या वर्षी नियामक मंडळाने रणजीचे सर्व सामने त्रयस्थ मैदानांवर ठेवले होते. यजमान संघ आपल्याला हवी तशी खेळपट्टी करून घेतात, ही तक्रार फार दिवसांची होती. त्यावर हा उपाय निघाला. तो एकच वर्ष टिकला, पुढच्या हंगामात पुन्हा घरचे-बाहेरचे सामने सुरू झाले. पण नेमक्या त्याच एका वर्षी गुजरात अजिंक्य झाला. अहमदाबाद नाही, वलसाड नाही, सुरतेचे लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियम नाही. आपले मैदान, आपले प्रेक्षक, आपल्या घरचे जेवण यांपैकी काहीही नसताना हा संघ गावोगाव हिंडत राहिला. दिल्लीत बंगालविरुद्धचा सामना तर धुरक्यामुळे ठरलेल्या दिवसांत एकही चेंडू न पडता बारगळला.

नोव्हेंबरमध्ये हा फिरता संसार बेळगावात येऊन पोचला. पंजाबविरुद्धच्या त्या सामन्यात सलामीच्या प्रियांक पांचाळने नाबाद ३१४ धावा केल्या. गुजरात संघाकडून झालेले ते पहिले त्रिशतक. पुढच्याच महिन्यात जयपूरला ओडिशाविरुद्धच्या उपउपांत्य सामन्यात त्याचा जोडीदार समित गोहेल याने नाबाद ३५९ केल्या. सलामीला येऊन डाव संपेपर्यंत नाबाद राहिलेल्या फलंदाजाची ही प्रथम श्रेणीतली जगातली सर्वोच्च खेळी आहे. आधीचा ३५७ चा विक्रम सरेच्या बॉबी एबलचा, १८९९ सालचा होता. गोहेल ७२३ चेंडू खेळला. आमच्या अकाउंटन्सीच्या पेपरात तीन तास मान खाली घालून बसायचे म्हटले तरी आमची पाठ धरते, आणि हा गृहस्थ दोन दिवसांहून अधिक काळ उभा होता. नंतर नागपूरला उपांत्य सामन्यात झारखंडला शेवटच्या डावात २३५ धावा हव्या होत्या. जसप्रीत बुमराहने २९ धावांत सहा बळी घेतले आणि ते १११ त आटोपले.

अशा विजयांना लोक लगेच चमत्कार म्हणतात. मला ते पटत नाही. चमत्कार कसा असतो त्याचे उदाहरण अमेरिकेच्या कॉलेज-बेसबॉलमध्ये आहे. तिथे कॉलेजांचे अजिंक्यपद दरवर्षी ओमाहा शहरात ठरते. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो स्टेटचा संघ हंगामाच्या सुरुवातीला जिंकण्यापेक्षा हरतच जास्त होता. एकूण ३१ सामने हरलेल्या या संघाने शेवटी जॉर्जियाला हरवून अजिंक्यपद मिळविले. निर्णायक सामन्यात स्टीव्ह डेटवायलरने अंगठ्याचा स्नायुबंध तुटलेला असताना दोन होमरन मारल्या. इतके पराभव पदरी असलेला संघ तिथे त्याआधी कधी अजिंक्य झाला नव्हता. त्याला खुशाल चमत्कार म्हणा. गुजरातचे तसे नव्हते. पांचाळच्या त्या हंगामातल्या धावा १३१० भरतात. ही जमाखर्चाच्या वहीत रोज एक-एक रक्कम मांडावी तशी केलेली कमाई होती.

आणि गंमत पाहा, अंतिम सामन्यात या दोघाही सलामीवीरांना मोठी खेळी करता आली नाही. बुमराह भारतीय संघात गेल्यामुळे तोही नव्हता. सामना इंदूरच्या होळकर स्टेडियमवर होता. गुजरात त्यापूर्वी एकदाच, १९५०-५१ साली, अंतिम फेरीत पोचला होता, आणि तेव्हा इंदुरातच होळकर संघाकडून हरला होता. समोर मुंबई, तेव्हा ४१ वेळा करंडक नेलेली. मुंबईने पहिल्या डावात २२८ केल्या, त्यांत सतरा वर्षांच्या पृथ्वी शॉच्या ७१. गुजरातने ३२८ करून शंभरची आघाडी घेतली. दुसऱ्या डावात मुंबईने ४११ पर्यंत मजल मारली. गुजरातला जिंकायला ३१२ हव्या होत्या.

शेवटचा दिवस होता १४ जानेवारी २०१७. गुजरातेत राहिलेल्याला या तारखेचा अर्थ सांगावा लागत नाही. त्या दिवशी उत्तरायण. सकाळी सहापासून सगळे गाव गच्चीवर असते. स्पीकरवर गाणी, ताटात ऊंधियुं आणि जलेबी, बोटांना मांज्याने कापू नये म्हणून चिकटपट्ट्या, आणि दर मिनिटाला कुठून तरी आरोळी, "काप्यो छे!" आमच्या घरी त्याच दिवशी तिळगूळ. आई खाली हळदीकुंकवाच्या तयारीत, मी वर फिरकी धरायला. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होतो, म्हणजे घरात फिरकी धरण्याच्याच लायकीचा.

मामा सणासाठी लिंबायतहून आला होता. तो आणि वडील टीव्हीसमोर बसले होते. शेजारचे काका हिऱ्याच्या कारखान्यात. नोटबंदीनंतर काम मंदावलेले, म्हणून त्यांची सुट्टी लांबलेली. तेही आमच्याकडेच येऊन बसले. मला वरून दर पाच मिनिटांनी खाली पिटाळायचे, "स्कोर जोई आव!" मी जिना उतरून पाहायचो आणि गच्चीवर जाऊन ओरडायचो. आदल्या दिवशी बिनबाद ४७ होत्या. मग ८९ वर तीन गडी गेले. मी ते गच्चीवर सांगितले त्याच क्षणी पलीकडच्या घरावरून "काप्यो छे!" अशी आरोळी उठली. पतंगासाठीच होती ती, पण आमच्या गच्चीवर दोन-तीन तोंडे उतरली. खाली मामा खूश होता.

मग पार्थिव पटेल आणि मनप्रीत जुनेजा यांची ११६ धावांची भागी झाली. पार्थिवची कथा तशी उलटीच आहे. सतराव्या वर्षी तो इंग्लंडात कसोटी खेळला, तेव्हा एकही रणजी सामना त्याच्या नावावर नव्हता. पुढे संघातून गेला, आठ वर्षांनी २०१६ च्या नोव्हेंबरात मोहालीला परत आला, आणि तिथून या सामन्यांना येऊन पोचला. पहिल्या डावात ९०, आता १४३, त्याही १९६ चेंडूंत.

इथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. रणजीचा अंतिम सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातील आघाडीवर करंडक मिळतो. गुजरातकडे शंभरची आघाडी होती. ३१२ केल्या नाहीत तरी चालणार होते. दिवसभर बॅट आडवी घालून उभे राहिले असते तरी करंडक त्यांचाच होता. वडिलांनी हे मामाला समजावून सांगितले, तेव्हा मामाला वाटले आता गुजराती माणूस नुसता हिशेब करील आणि दार लावून बसेल. पण पार्थिव दार लावून बसला नाही. चौकारांमागून चौकार मारीत तो २९९ पर्यंत संघाला घेऊन गेला आणि मगच बाद झाला. पाच गडी राखून गुजरात जिंकला. रणजीच्या अंतिम सामन्यात एवढ्या धावांचा पाठलाग त्याआधी कोणी यशस्वी केला नव्हता. १९३७-३८ मध्ये हैदराबादने नवानगरविरुद्ध ३१० केल्या होत्या, तो विक्रम इतकी वर्षे तसाच उभा होता.

शेवटची धाव निघाली तेव्हा मी जिन्यात होतो. वरून एका मुलाने विचारले, मी सांगितले. तो टाळी देत म्हणाला, "तारी टीम हारी गई!" आमच्या दारावर मुंबईचा झेंडा नव्हता, की मी कधी त्याच्याजवळ मुंबईचे नाव काढले नव्हते. घरातली भाषा मराठी, एवढाच पुरावा. मला उत्तर सुचले नाही. मी फिरकी उचलली आणि उभा राहिलो. तेवढ्यात शेजारचे काका वर आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "आपणे जीती गया, दीकरा!"

गुजरातीत 'अमे' आणि 'आपणे' असे दोन शब्द आहेत, जसे आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण'. 'अमे जीती गया' म्हटले असते तर मी बाहेर होतो. 'आपणे' म्हटले म्हणून मी आत आलो. इथे आल्यावर कन्नड विभागातल्या मित्रांना हे सांगितले तर त्यांना पटकन कळेना, कारण कन्नडमध्ये दोन्हींसाठी 'नावु' हा एकच शब्द. एका मित्राने विचारले, मग तुम्ही दर वेळी कोण आत, कोण बाहेर हे ठरवून बोलता? हो, ठरवूनच बोलतो, न कळत.

पुढे अधिक मोठा झाल्यावर मला आणखी एक हसू आले. ते काका मूळचे अमरेलीचे. त्यांचा रणजी संघ सौराष्ट्र! खानदेशी म्हणून आमचा संघ महाराष्ट्र. म्हणजे त्या दिवशी आमच्या बैठकीत कोणी मुंबईसाठी हळहळत होते, कोणी गुजरातसाठी नाचत होते, आणि मूळ गावाचा दाखला मागितला असता तर दोन्ही संघांवर तिथल्या एकाचाही हक्क निघाला नसता.

मुंबईला हरविण्याचा आनंद काय असतो ते आपल्या कन्नड मित्रांना मी सांगायला नको. १९५८-५९ पासून ओळीने पंधरा वर्षे मुंबईने करंडक हलू दिला नव्हता. १९७४ साली बंगळूरच्या उपांत्य सामन्यात प्रसन्नाच्या कर्नाटकाने तो ओघ तोडला आणि पुढे राजस्थानला हरवून पहिला करंडक आणला. या विजयाची हकीकत इथे ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता ते डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगतात. पण २०१० च्या जानेवारीत म्हैसूर विद्यापीठाच्या गंगोत्री मैदानावरचा अंतिम सामना विचारला की गप्प होतात. मुंबईने ३३८ चे आव्हान दिले होते, मनीष पांडेने १४४ केल्या, आणि कर्नाटक अवघ्या सहा धावांनी हरले. मी मराठी म्हणून त्यांच्या दृष्टीने त्या सहा धावा माझ्या खात्यावर जमा आहेत. मी त्यांना म्हणतो, अरे, मी कामरेजचा, आम्ही यांना इंदूरला हरवले आहे. ते म्हणतात, "आम्ही म्हणजे कोण?"

गुजरातला तो करंडक टिकविता आला नाही. पुढच्याच वर्षी जयपूरला उपउपांत्य फेरीत बंगालने त्यांना घरी पाठविले. मुंबईने २०२४ मध्ये आपला बेचाळिसावा करंडक जिंकला. आणि १ जानेवारी २०१८ रोजी त्याच इंदूरच्या मैदानावर विदर्भाने दिल्लीला हरवून आपला पहिला करंडक उचलला. त्यांचे प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित, आदल्या वर्षी तिथेच मुंबईबरोबर हरलेले. विजयी चौकार मारला तो वसीम जाफरने, ज्याची अर्ध्याहून अधिक कारकीर्द मुंबईकडून गेली. त्या संध्याकाळी लिंबायतहून मामाचा वडिलांना फोन आला. तो फार आनंदात होता. विदर्भ आपलाच की, असे त्याचे म्हणणे होते. वडील बिल्ट्यांचा गठ्ठा बांधीत होते. त्यांनी फोन कानाशी धरूनच शेजारच्या काकांना हाक मारली आणि विचारले, "सौराष्ट्रनो वारो क्यारे?"

तो २०२० मध्ये आला.