तीर्थनच्या कांठीं

हिमाचल प्रदेशांत कुलूकडे जाणारी मोठी सडक औटच्या बोगद्यांत शिरते, त्याच्या अलीकडेच एक लहान रस्ता फुटतो. प्रवाशांचे तांडेच्या तांडे बोगद्यांतून मनालीकडे निघून जातात. या रस्त्याला वळणारे थोडे. लारजीपाशीं सैंज व तीर्थन या नद्या बियासला मिळतात. तेथून तीर्थनच्या कांठाकांठानें वर जाऊं लागलें कीं बंजार, नागनी, गुशैणी अशीं गांवें लागतात. खोऱ्याच्या माथ्यावर ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान पसरलें आहे. २०१४ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशांत त्याची गणना केली.

आम्ही उभयतां ऑक्टोबरच्या अखेरीस तेथें आठ दिवस राहिलों, तें गळानें मासे धरण्याची विद्या शिकण्यासाठीं. हा बेत ऐकून पुण्याच्या आप्तांपैकीं कित्येकांच्या भुंवया वर चढल्या, आणि त्यांत त्यांचेंहि कांहीं चुकलें नाहीं. माझें माहेर कारवारचें, सारस्वताचें. सोमवार सोडून बांगड्यावांचून पान गोड न लागणारें. सासर मात्र पुण्याचें, आणि यांनीं जन्मांत अंडेंहि तोंडांत घातलेलें नाहीं. परंतु यांना नद्यांचें वेड. मला मासा ओळखतां येतो, पण तो कोळणीच्या टोपलींतला. जिवंत मासा पाण्यांत राहतो कसा, हें दोघांनाहि ठाऊक नव्हतें.

या नदींतला ट्राउट मूळचा येथला नव्हे. इंग्रजांनीं आपल्या करमणुकीसाठीं त्याचीं अंडीं विलायतेहून आणविलीं. १८९९ सालची पहिली खेप फुकट गेली. पुढल्या वर्षीं काश्मीरांत ती साधली, आणि तेथूनच १९०९ सालीं कुलू खोऱ्यांत महिली येथें त्याची पैदास सुरू झाली. थंडगार, वाहतें पाणी मिळतांच हा परदेशस्थ पाहुणा येथें चांगलाच रमला. येथल्या मूळच्या हिमालयी माशाला मात्र त्यानें अन्नांत आणि जागेंत वाटेकरी निर्माण केला. पाहुण्याचा घरमालक होण्याची कथा आपल्या देशाला नवी नाहीं!

आमचा गुरु गुशैणीचाच एक तरुण होता. मत्स्यखात्याचे परवाने त्यानेंच काढून आणले. पहिला दिवसभर त्यानें आम्हांला नदीकडे फिरकूं दिलें नाहीं. दोरीच्या टोंकाला गळाऐवजीं लांकडाचा तुकडा बांधून शेतांतल्या मोकळ्या जागेंत तो आमच्याकडून फेंक घटवून घेत होता. जोर खांद्याचा नव्हे, मनगटाचा. आणि दोरीवरचें बोट नेमक्या क्षणीं सुटलें पाहिजे. लवकर सुटलें तर लांकूड आभाळांत, उशिरां सुटलें तर पायांशीं. "भाभीजी, घाई नको," हें त्याचें वाक्य मीं त्या दिवशीं किती वेळां ऐकलें याची गणती नाहीं.

दुसऱ्या दिवशीं नदी वाचण्याचा पाठ झाला, आणि खरी गोडी मला तेथें लागली. ट्राउट प्रवाहाच्या उगमाकडे तोंड करून उभा असतो. पण भर धारेंत उभें राहून शक्ति खर्च करण्याइतका तो अविचारी नाहीं. मोठ्या धोंड्याच्या आडोशाला, जेथें वेगाचें पाणी आणि संथ पाणी एकमेकांना चाटून जातात, तेथें तो दबा धरतो. धारेबरोबर वाहत आलेला किडा आयताच समोर येतो. म्हणून मासेमाऱ्यानें खालच्या अंगानें, त्याच्या पाठीमागून जावें, आणि आपली सांवली पाण्यावर पडूं देऊं नये. हें एकदां कळलें कीं जी नदी आदल्या दिवशीं नुसता फेंस आणि खळखळाट वाटत होती, तिच्यांत ओसऱ्या, माजघरें आणि बोळ दिसूं लागतात. या वाचनांत यांची प्रगति माझ्याहून कितीतरी पुढें. हातांत काठी न घेतां हे कांठावर उभे राहत आणि बोटानें दाखवीत, "त्या काळ्या दगडाच्या डाव्या बाजूला." दहांतून पांच वेळां तेथें हालचाल असे.

तिसऱ्या दिवशीं माझ्या गळाला पहिला मासा लागला. काठी वांकली आणि दोरी पाणी कापीत निघाली, तेव्हां माझ्या छातींत काय झालें तें लिहून सांगण्यासारखें नाहीं. मासा लहान होता. परवान्याच्या मापांत बसेना. गुरूनें आधीं स्वतःचे हात पाण्यांत भिजविले. कोरड्या हातानें माशाच्या अंगावरचा बुळबुळीत लेप निघून जातो व त्याला रोग जडतो. मग गळ काढून त्यानें माशाला धारेकडे तोंड करून क्षणभर धरलें. कल्ले हलूं लागले, शेंपूट वळली, आणि मासा दिसेनासा झाला.

मला वाटलें होतें, हें पाहून यांना समाधान होईल. रात्रीं उलटेंच झालें. "खाण्यासाठीं मारलास तर मला समजेल," हे म्हणाले, "माझ्या ताटांत नको, एवढेंच. पण ओठांत गळ रुतवायचा, दमवायचें, आणि मग सोडून देऊन आपणच दयाळू म्हणवून घ्यायचें, हें मला समजत नाहीं."

"अहो, लहान सोडले नाहींत तर मोठे होणार कुठून?" मीं म्हटलें.

"लहानाचें ठीक. तुझ्या गुरूकडे येणारे कित्येक जण मोठेहि सोडतात. मोजतात, छायाचित्र काढतात आणि सोडतात."

मग यांनीं सोमेश्वराचा विषय काढला. कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसऱ्या सोमेश्वरानें ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यांत माशांच्या जाती, त्यांचीं आमिषें आणि गळ टाकण्याची रीत सांगणारें एक प्रकरण आहे. त्याचें नांव मत्स्यविनोद. "राजा निदान प्रामाणिक," हे म्हणाले, "त्यानें विनोदाला विनोदच म्हटलें."

मला उत्तर सुचलें नाहीं, आणि रागहि आला. गळ काढून सोडलेले बहुतेक मासे जगतात, नदींत मासे टिकतात, हें सारें खरें आहे. पण यांचा प्रश्न नदीचा नव्हता, माझा होता. पुष्कळ वादानंतर ठरलें तें असें: मापांत बसणारा एक मासा मिळेपर्यंत मीं गळ टाकावा, तो मिळाला कीं खावा आणि काठी ठेवून द्यावी. शिकण्याची हौस ज्या क्षणीं फळाला यावी त्याच क्षणीं ती संपावी, हा करार किती कठीण तें पुढले दोन दिवस मला कळलें. एकदां तर चांगली जागा हेरूनहि मीं मुद्दाम गळ दूर टाकला.

सहाव्या दिवशीं सकाळीं यांनींच दाखविलेल्या जागीं मापाहून चांगलाच मोठा मासा लागला. सोनेरी तपकिरी अंग, त्यावर काळे आणि तांबडे ठिपके. गुरूनें माझ्याकडे पाहिलें; मीं मान हलविली. त्यानें डोक्यावर लांकडाचा एकच घाव घातला. हे तोंड न फिरवितां उभे होते.

रात्रीं तो मीठ, तिखट आणि लिंबू लावून मोहरीच्या तेलांत तळला. तिरफळाची फार आठवण झाली. शेजारीं राजमा-भात जेवतां जेवतां यांनीं विचारलें, "कसा आहे?"

"कांटे थोडे, चव सौम्य. बांगड्याची सर नाहीं."

उरलेले दोन दिवस आम्ही काठीवांचूनच नदीवर गेलों. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर येथें गळ टाकण्यास मनाई असते. त्या थंडींत ट्राउटची मादी उथळ पाण्याच्या खडींत शेंपटीनें खळगा करून अंडीं घालते. तशी खडी कोठें आहे तें हे शोधीत होते. आम्ही निघालों त्या दिवशीं गुरु आपल्या ओसरीवर बसून काठ्यांचीं चाकें उलगडून तेल घालीत होता. मार्चपर्यंत तीं खुंटीला टांगून ठेवायचीं होतीं.