नाव क्षिप्रेचे, पाणी नर्मदेचे

येत्या मार्गशीर्ष शुद्ध नवमीस संध्याकाळी आमच्या घरी चार स्नेही जमावेत, अशी इच्छा आहे. त्याचे निमंत्रण लिहावयास बसलो, तो पहिला मसुदा उतरला तो असा : ‘उपरोक्त विषयांतर्गत लेख आहे की...’ मध्यप्रदेशच्या राजस्व खात्यात छत्तीस वर्षे हिंदी टिपणे लिहिली, त्याचा हा प्रसाद. मुलाने कागद वाचला आणि काही न बोलता जागेवर ठेवून दिला. दुसऱ्या मसुद्यात ‘कै. सौ.’ इतके लिहून झाले आणि पुढे तिचे नाव लिहिताना हात अडला. १९८५ साली लग्न झाले तेव्हापासून आम्ही तिला नावाने हाक अशी मारलीच नव्हती. ‘अगं’ आणि ‘ऐकलंस का’ यांवर सारा संसार निभावला. तेव्हा पत्रिका छापण्याचा बेत सोडून सभेच्या या अंकातच लिहीत आहोत. वाचणारे बहुतेक तिच्या हातचे जेवलेले आहेत. त्यांना नाव सांगण्याची गरज नाही.

तिचे माहेर वाईचे. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती आणि कृष्णाबाईचा उत्सव यांच्या पलीकडचे जग लग्नाआधी तिने फारसे पाहिले नव्हते. आमची घराणी होळकरांच्या पदरी इकडे आली आणि इथलीच झाली. आमच्या मराठीत हिंदी किती मिसळली आहे, हे तिच्यामुळेच आम्हाला कळले. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या मातोश्रींनी, पहिल्याच आठवड्यात ‘नळ बंद करून दे’ म्हणून सांगितले, तर ही नळ बंद करून ‘कुणाला द्यायचा?’ असे विचारीत उभी राहिली. पुढे तीच मुलांना ‘अभ्यास करून घे’ म्हणू लागली आणि वाईला गेली की भाऊ तिच्या बोलण्याला हसत.

गराडूचे तसेच. थंडी पडली की सराफ्यात हे कंद तळून, वर मसाला आणि लिंबू पिळून देतात, हे इंदूरकरांस सांगावयास नको. पहिल्या वर्षी तिने एक फोड तोंडात घातली आणि ‘सुरणाचा चुलतभाऊ दिसतो’ एवढाच शेरा दिला. दहा वर्षांनी आमच्याकडचे गराडू खाण्यास लोक रामबागेतून येऊ लागले. ती ते दोनदा तळीत असे. पहिल्यांदा मंद आचेवर, आणि खाणारा पाटावर बसला की दुसऱ्यांदा. पाहुणा उशिरा आला तर तिचा राग पाहुण्यावर नसे, आमच्यावर असे. वेळ नीट कळवली नसेल, हे तिने गृहीतच धरलेले असे.

आमच्या बदल्या झाबुआ, खरगोन, शाजापूर, उज्जैन अशा झाल्या. प्रत्येक गावी तिने स्वयंपाकघर उभे केले आणि मोडले. हाताखालच्यांच्या गोपनीय प्रतिवेदनांत आम्ही ‘उत्कृष्ट’ हा शेरा किती वेळा लिहिला, याची गणती नाही. घरी मात्र ‘मीठ जरा कमी आहे’ याहून मोठा अभिप्राय दिल्याचे स्मरत नाही.

एक गोष्ट लिहावी की न लिहावी, याचा बराच विचार केला. २००४ च्या एप्रिल-मे मध्ये उज्जैनीस सिंहस्थ होता आणि मेळ्यातील एका विभागाची व्यवस्था आमच्याकडे होती. रजा सर्वांच्याच रद्द होत्या. एका मध्यरात्री घरी वाईहून फोन आला की तिची आई गेली. निरोप तंबूपर्यंत पोहोचेतो पहाट झाली. आम्ही जीप पाठवून तिला आणि पंधरा वर्षांच्या मुलाला इंदूरपर्यंत पोहोचवले. तिथून मिळेल त्या बसने ती पुण्याकडे गेली. ती वाईस पोहोचली तेव्हा घाटावरून मंडळी परतली होती. सिंहस्थ संपतो न संपतो तोच लोकसभेचे मतदान आले, म्हणून आम्ही तेराव्यासही गेलो नाही. रजा खरोखरच मिळाली नसती का? आज वाटते, मागितली असती तर दोन दिवसांची मिळाली असती. आम्ही मागितलीच नाही. कर्तव्यदक्ष म्हणवून घेण्याचे सुख फार मोठे असते. ती परत आली, डबे घासले, आणि त्या विषयावर एक अक्षर बोलली नाही. आम्हीही नाही.

पुढचा सिंहस्थ २०१६ चा. त्या खेपेस मेळ्याच्या कामातून आम्ही सुटलो होतो. ती म्हणाली, “या वेळी बिल्ला न लावता जाऊ या.” पर्वणी नसलेला एक दिवस पाहून रामघाटावर गेलो. कपड्यांची पिशवी धरून आम्ही वरच्या पायरीवर उभे होतो. तिने तीन बुड्या मारल्या, मग ओंजळ भरून बराच वेळ तशीच उभी राहिली. ओठ हलले. ‘आई’ एवढाच शब्द आमच्यापर्यंत आला. बारा वर्षांपूर्वीचे ते बोलावयाचे असेल तर याच क्षणी, हे आम्हाला लख्ख कळले होते. आणि आम्ही म्हणालो, “चल, गर्दी वाढते आहे.”

वर येताना अवघडलेपण झाकण्यासाठी आम्ही तिला माहिती पुरवू लागलो, की हे पाणी मुळी क्षिप्रेचे नव्हेच. उन्हाळ्यात क्षिप्रा कोरडी पडते म्हणून ओंकारेश्वर प्रकल्पाचे नर्मदाजल उपसून, नळांवाटे चढावर आणून उज्जैनी गावी तिच्या उगमाशी सोडतात, २०१४ पासून. तिने केस पिळीत ऐकून घेतले. मग म्हणाली, “नाव क्षिप्रेचं, पाणी नर्मदेचं. अहो, मग माझ्यासारखीच की ती. नाव तुमच्या घरचं, पाणी कृष्णेचं.” आणि थोड्या वेळाने, “आईला पोचलं असेल हो. पाणी काय, पाणीच.”

ती आम्हाला मोकळे करीत होती की काय, हे आम्ही आजही ठरवू शकलेलो नाही.

गेल्या मार्गशीर्षात पहाटे चहाचे आधण ठेवता ठेवता ती गेली. भेटीस आलेल्या वडीलधाऱ्या बायका म्हणाल्या, अहेव गेली, भाग्याची. पुढे अविधवा नवमीस सवाष्ण घालावी, असेही सुचवून गेल्या. घालू. पण पतीच्या आधी जाण्यात भाग्य नेमके कुणाचे, असा प्रश्न स्वयंपाकघरात एकट्याने चहा करताना पडतो.

त्या तेरा दिवसांत घरोघरचे डबे परत आले. स्टीलचे, आमच्या नावाची आद्याक्षरे कोरलेले. काहींची झाकणे दुसऱ्याच डब्यांची. तिच्या हयातीत असा डबा कुणी रिकामा परत केला नाही, निदान चिमूटभर साखर तरी असे. या वेळी सगळे रिकामे आले, सुतकात तसेच यावयाचे. आम्ही ते अकरा डबे फळीवर ओळीने मांडून ठेवले आहेत. तिच्या हिशेबाच्या वहीत मात्र चौदा लिहिले आहेत, कोणता कुणाकडे यासह.

वर्षश्राद्ध सकाळी घरच्यांपुरते होईल. संध्याकाळी सहा वाजता आपण यावे. भाषणे नाहीत, फोटोला हार मुलगा घालील. आठवण सांगावीशी वाटली तर बसल्या जागी सांगावी, तिच्याविषयीची तक्रार असली तरी चालेल. वर लिहिलेले आम्ही पुन्हा मोठ्याने सांगू शकू असे वाटत नाही, म्हणून ते येथे लिहिले. श्राद्धाच्या दिवशी तळण आणि तेही गराडू, यास घरात थोडा विरोध आहे. परंतु सून तिच्याकडून दोनदा तळण्याची रीत शिकली आहे आणि निर्णय झाला आहे. उरलेले तीन डबे ज्यांच्याकडे असतील त्यांनी ते घेऊन यावेत. जाताना भरून देऊ. वेळेवर यावे, गराडू थांबत नाहीत.